झुरळांसाठी मळलेली कणीक

नव्वदच्या आसपास अमळनेरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा मी दवाखान्यात नर्स होते, एकटी. घरमालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. महिनाभर सगळं गोडीगुलाबीचं होतं. मग फळीवरची बुद्धमूर्ती त्यांच्या नजरेस पडली आणि ओसरीवरचा त्यांचा माठ आत गेला. गुडघेदुखीचं इंजेक्शन मात्र माझ्याच हातचं लागायचं. सुई चालायची, पाणी नाही.

पावसाळ्यात झुरळं झाली. पिठाच्या डब्यामागे, भांड्यांच्या मांडणीत, दांडीवरच्या साडीतसुद्धा. अक्का दारात येऊन म्हणाल्या, "तुम्ही उनात तवयपासून बठ्ठा घरमा झुरळं व्हयनात. दिवाळीलोंग खोल्या खाली करी द्या."

मी आल्यापासून घरभर झुरळं, म्हणून दिवाळीपर्यंत निघायचं! माझं डोकंच फिरलं. घाण म्हणजे मी, असं त्यांना म्हणायचं होतं. निघून गेले असते तर तेच खरं ठरलं असतं, आणि दुसरी खोली शोधताना पुन्हा दारोदार आडनाव सांगत फिरावं लागलं असतं. मी जाणार नव्हते.

झुरळं येतात कुठून ते आधी शोधलं. दोघींच्या मोऱ्या मागच्या एकाच गटारीत उघडत होत्या. मी माझ्या मोरीच्या भोकाला जाळी बसवली, वर वीट ठेवली. बोरिक पावडर, कणीक आणि साखर दुधात मळून गोळ्या केल्या, कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. रोज पंचशील म्हणणारी बाई मी, पण जीव घेताना जराही वाईट वाटलं नाही. पंधरा दिवसांत माझ्याकडे झुरळ औषधालाही उरलं नाही.

अक्कांकडे मात्र वाढली. गटारीतून वर यायला आता त्यांचीच मोरी उघडी होती. एका सकाळी नैवेद्याच्या वाटीत झुरळ निघालं, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. काय केलं ते विचारलं, चार गोळ्या मागितल्या.

"गोळ्या देणार नाही, अक्का. बसा, तुमच्या हाताने मळा."

मी परातीत सगळं घातलं. दूध घरात होतं. तरी माझ्या माठातलं पाणी तांब्यात काढून त्यांच्यापुढे धरलं. त्या तांब्याकडे बघत राहिल्या. मला त्यांची कीव आली नाही.

"आणि खोल्या मी सोडणार नाही," मी म्हणाले.

अक्कांनी पदर खोचला, तांब्या घेतला आणि मळायला बसल्या. मळून झाल्यावर त्यांच्या हातांवर पाणीही मीच ओतलं, आणि पुढची सहा वर्षं तिथेच राहिले.