ढेप म्हणजे गूळ नव्हे

सकाळी ऑफिससमोर गाडी लावत होतो तेव्हा मंदाताईंच्या नवऱ्याचा, भावोजींचा फोन आला. "श्रीरंग, मंदा गेली रे... झोपेतच." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की आता मला कोणी काही विचारणार नाही. सुटल्यासारखं वाटलं. मंदाताईंच्या घरात एक चूक तोवर त्यांच्या नावावर होती. ती माझी होती, आणि हे त्यांच्या नवऱ्याला किंवा मुलीला ठाऊक नव्हतं. काही आठवडे गेले त्या फोनला. आज लिहायला बसलो आहे.

मंदाताई वर्धेकडच्या. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या एका छोट्या कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. कुठल्या देशात कोणत्या शेतमालाची आयात वाढेल, कुठली घटेल, याचे अंदाज बांधून देणं हे आमचं काम. मी पुण्याहून नवा आलेला, व्हिसावरचा. त्या बऱ्याच आधी येऊन ग्रीन कार्ड मिळवून बसलेल्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्यात डोकावून म्हणाल्या, "हे काय रे, ब्रेड नि लोणचं? माणूस आहेस की हॉस्टेल? मंगळवारी आमच्याकडे जेवायला ये." तेव्हापासून मंगळवार त्यांच्याकडचा. त्यांची ईशा, तेव्हा शाळेत जाणारी, मला मामा म्हणायला लागली.

मग ते काम आलं. एक चिमुकल्या बेटांचा प्रदेश. तिथे गायी पुष्कळ, तेलबिया जवळजवळ नाहीतच; त्यामुळे पेंड सगळी जहाजानं येणारी. बऱ्याच वर्षांची आयात मांडली तर रेघ उतरत चाललेली दिसे. मी निष्कर्ष काढून मोकळा: गायी कमी होताहेत, पेंड आणखी कमी लागेल. मंदाताईंना ते पटेना. "गायी घटल्या तर दूध कसं नाही घटलं?" म्हणायच्या आणि शोधत बसायच्या. प्रेझेंटेशनच्या दिवशी त्या ईशाच्या शाळेतल्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. तिथून त्यांनी फोन केला, कुजबुजत, मागे पोरांचं गाणं चाललेलं... "सापडलं बघ. ते लोक आता तयार मिश्र खाद्य आणतात. त्यातली ढेप धर, मगच रेघ काढ. समजलं ना?"

"हो हो, समजलं."

मला समजली ती गुळाची ढेप. दुसरी ढेप मी जन्मात ऐकली नव्हती. पशुखाद्यात उसाची मळी, म्हणजे मोलॅसिस, घालतात हे वाचलेलं, त्यामुळे त्यांना तेच म्हणायचं असणार असं मी धरून चाललो. पण पेंडेच्या हिशेबात मळी कशाला, असं वाटून ती सोडून दिली. परत विचारायला हवं होतं. पण समजलं नाही असं म्हणायची मला लहानपणापासून लाज, आणि मॅनेजर दारात उभा होता.

आमच्या अंदाजावर विसंबून तिथल्या दूधवाल्यांच्या संघानं पशुखाद्याचं एक गोदाम सोडून दिलं. पुढे जहाजाला उशीर झाला तेव्हा साठा पुरला नाही. काही घरांनी दुभत्या गायी विकल्या. तक्रार आमच्याकडे आली. कॉफी मशीनपाशी मी मंदाताईंना म्हणालो, तुम्ही तर गुळाचं बोलला होतात. त्या बघतच राहिल्या. "अरे बाप्पा! गूळ? ढेप म्हणजे पेंड रे, पुणेकरा! आमच्याकडे सरकीच्या पेंडेला ढेपच म्हणतात. तुझ्या गायी काय चहा पितात का?" मीही हसलो. हसू ओठांवर असतानाच मॅनेजरनं आम्हा दोघांना आत बोलावलं.

त्यानं मला विचारलं, मंदानं तुला नेमकं काय सांगितलं होतं? माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन त्याच्याच हातात होतं. मी म्हणालो, "मोलॅसिस. शी सेड मोलॅसिस."

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे. एका वाक्यात सगळं उलगडून सांगता आलं असतं त्यांना... "आय शुड हॅव बीन क्लिअरर," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडचं काम काढून घेतलं गेलं. पुढे त्यांनी नोकरीच सोडली. पण त्या आठवड्यातही त्यांचा फोन आला, "येतोयस ना? वांगी केलीत." गेलो. जेवलो. वर्षानुवर्षं जेवत राहिलो. त्यांनी विषय काढला नाही आणि मी त्याला क्षमा असं नाव देऊन टाकलं. मी ती मागितलीच नव्हती.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. ईशा डायनिंग टेबलाशी बसली होती. "मामा, मराठी मंडळातल्या शोकसभेत मी आईबद्दल बोलणार आहे. एक विचारू? आई म्हणायची, आय मेस्ड अप अॅन आयलंड वन्स. वॉज शी केअरलेस?"

भाषेचा गोंधळ झाला होता गं, कुणाचीच चूक नव्हती: हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. अर्धं खरंही होतं. सिंकपाशी कप विसळणाऱ्या भावोजींनी नळ बंद केला. मग मी सगळं सांगितलं. फोन, ढेप, कॉफी मशीन, आणि आतली खोली.

"वेट. आत जाताना तुला माहीत होतं?"

"हो."

"अँड शी फेड यू," ईशा म्हणाली. मामा म्हणाली नाही. मग वडिलांकडे वळली. "बाबा, दॅट्स व्हाय! 'परत सांग'!"

मला काही कळेना. भावोजींनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. "नोकरी सोडल्यापासून तिनं घरात एक लावून धरलं होतं. काहीही सांगितलं की आम्ही ते परत म्हणून दाखवायचं. मी दुकानात निघालो तरी, ईशा गाडी घेऊन निघाली तरी. ही चिडायची, मॉम, आय हर्ड यू. तरी म्हणायची, परत सांग... आम्हाला वाटायचं, स्वतःची चूक मनाला लागलीये."

मला त्यांनी एकदाही परत सांगायला लावलं नव्हतं.

"मंडळात हे तू सांगायचंस," ईशा म्हणाली. "माझ्यानंतर. सगळ्यांसमोर." तसं सांगितलं. ज्यांना त्या दिवशी यायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

ईशाला हे सगळं सांगितलं त्या सकाळी, मी टेबलापासून उठण्याआधीच भावोजी पिशवी घेऊन निघाले. बूट घातले, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "दूध, कोथिंबीर, ईशाचे बेगल." आणि मग तसेच उभे राहिले, स्वयंपाकघराकडे कान देऊन...