मनोरीतली जेवणाआधीची प्रार्थना

मुलुंडहून निघताना, टॅक्सीत बसायच्या आधीच, कृपाने तिच्या पप्पांकडून कबुली घेतली. "तिकडे मरियेचा विषय काढायचा नाही. संतांचा नाही. पोपचाही नाही."

"मग बोलायचं काय?" आमचे हे म्हणाले.

"हवा, मासे, नोकरी. माणसं बोलतात ते बोला ना."

कृपा आमची एकुलती एक. तिने मनोरीचा नेव्हिल पसंत केला होता. तो कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट. दोघेही ख्रिस्ती, म्हणूनच भांडायला भरपूर जागा. त्यातून हे आमच्या मंडळीत वडील (चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ). मूर्ती, मेणबत्त्या आणि जपमाळा यांवर त्यांची ठाम मतं आहेत आणि ती न विचारता मिळतात. दोन्ही बापांनी मनापासून हो म्हटलं तरच लग्न करायचं, नाहीतर थांबायचं, असं पोरांनीच ठरवलं होतं. त्यासाठीच मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही नेव्हिलच्या घरी निघालो होतो.

मालाडवरून मार्वे जेट्टी गाठली. पलीकडे मनोरी दिसत असते, मध्ये खाडीचं पाणी. बोटीत मोटरसायकली, माशांच्या पाट्या, सुट्टीला निघालेली पोरं, आणि कठडा दोन्ही हातांनी धरलेले आमचे हे. पलीकडे उतरलो तर किनाऱ्याला वलांडीवर (बांबूच्या आडव्या दांड्यांवर) बोंबील वाळत होते.

"वास आहे इथे," हे म्हणाले.

"पप्पा, हवेबद्दल बोला म्हटलं ते असं नाही," कृपा म्हणाली.

पुढे रिक्षा. मनोरीत वळणावळणाला क्रूस उभे आहेत, पांढरे, हार घातलेले. प्रत्येक क्रूस आला की रिक्षावाला हँडल सोडून कपाळाला आणि छातीला हात लावायचा.

"अहो, समोर बघून चालवा," हे न राहवून म्हणाले.

"तो बगतो ना, काका," रिक्षावाला म्हणाला.

नेव्हिलचे वडील पास्कूभाऊ दारातच उभे होते, मागे नेव्हिल. पूर्वी त्यांची स्वतःची होडी होती, आता घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. बायको फिलूबाई कमरेला पदर खोचून, हसतमुख. घर मोठं, हवेशीर. फक्त बैठकीच्या कोपऱ्यात एक उंच काहीतरी फुलाफुलांच्या चादरीने झाकलेलं होतं आणि चादरीतून एक लाल दिवा मिणमिणत होता. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून नेव्हिलने मरियेची वेदी झाकायला लावली होती. त्या दिव्यामुळे ती उघडी असती त्याहून जास्त दिसत होती. यांनी नजर टाळायचा इतका प्रयत्न केला की त्यांची मान अवघडली.

दोन्ही बाप हवेबद्दल बोलले. मग माशांबद्दल. मग पुन्हा हवेबद्दल. एकमेकांशी इतकं सांभाळून बोलणारे दोन पुरुष मी आयुष्यात पाहिले नव्हते, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

सुदैवाने पानं मांडली. बाटली मसाल्यातलं मटण (हा मसाला वर्षभरासाठी कुटून बाटल्यांत भरतात), तांदळाच्या भाकऱ्या आणि फुग्या (मैद्याचं पीठ आंबवून तळलेले गोल गोळे). वासानेच जीव हरखला. सगळे खुर्च्यांमागे उभे राहिलो आणि फिलूबाई भोळेपणाने म्हणाल्या, "तुमी पावने, प्रार्थना तुमीच सांगा."

मी डोळे मिटले, पण भक्तीने नव्हे.

कॅथलिकांची जेवणाची प्रार्थना पाठ असते, चार ओळींत संपते. आमच्यात मनाला येईल तशी करायची पद्धत. त्यात यांच्यासारख्या माणसाला प्रार्थना सांगणं म्हणजे पाण्याचा नळ सोडून बाजारात जाणं. यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. मोशेपाशी दम घ्यायला थांबले, तेव्हा पास्कूभाऊंच्या घरचे "आमेन" म्हणून, क्रुसाची खूण करून बसायला लागले. हे पुढे निघाले. सगळे परत उठले. असं तीनदा झालं.

आणि मग यांचा आवाज चढला. "हे प्रभू येशू, तूच एक मध्यस्थ आहेस. देव आणि माणूस यांच्यामध्ये दुसरं कोणी नाही, कोणाची आई नाही, कोणी संत नाही, हे सर्वांना कळू दे."

कृपाला दिलेला शब्द यांनी मोडला नव्हता. माणसांशी ते मरियेबद्दल बोललेच नव्हते. आमच्या मंडळीत ही युक्ती जुनी आहे. ज्याला तोंडावर सांगायची सोय नाही, त्याला प्रार्थनेत सांगायचं.

"आमेन," हे म्हणाले. या वेळी कोणीच म्हणालं नाही.

पास्कूभाऊंनी शांतपणे मरियेची प्रार्थना सुरू केली. संपली, पुन्हा सुरू केली. मटणावरचा तवंग थिजला. कृपा खुर्ची सरकवून मागच्या अंगणात निघून गेली आणि मला यांचा असा राग आला की सांगता सोय नाही.

"झाला दोगांचा?" फिलूबाई म्हणाल्या. "पोरगी रडते तिकडं."

पास्कूभाऊ यांच्याकडे वळले. "मला बोलाचा तर मला बोला ना. तुमी म्हनता, देवाकडं जायला मधे कोन नको. मग माज्याकडं यायला देवाला कशाला मधे घातला?"

हे खुर्चीत बसले. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बरं, तुम्हाला विचारतो. मरियेला का विनवता?"

"एकदा होडीचा इंजिन बंद परला," पास्कूभाऊ म्हणाले. "वादळ होता. देवाला काय बोलू, सुचेना. घाबरलेला मानूस आईला हाक मारतो. माजी आई तर मेलेली. मग देवाच्या आईला हाक मारली." मग त्यांनीच विचारलं, "आनि तुमी एवरा लांब का बोलता?"

हे पानाकडे बघत म्हणाले, "आम्हाला पाठ काही शिकवलंच नाही. कृपा जन्मली तेव्हा पोर वाचेल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. मी बोलत राहिलो. थांबलो तर काहीतरी होईल असं वाटत होतं."

हे मलाही ठाऊक नव्हतं. बाळंतपण माझं, आणि मलाच ठाऊक नव्हतं.

पास्कूभाऊ उठले, त्यांनी कोपऱ्यातली चादर ओढून काढली आणि घडी घालून ठेवली. फिलूबाईंनी मटण पुन्हा गरम केलं. कृपाला मी आत आणलं. जेवताना दोघे बाप खुशाल वाद घालत होते, तोंडावर, फुग्या मोडत. कोणीही एक इंचही मागे हटला नाही आणि घरात एकदम मोकळं वाटू लागलं.

संध्याकाळी गावच्या क्रुसापाशी लादीन होती. मे महिन्यात लोक जमून संतांची नावं घेतात, प्रत्येक नावाला "आमच्यासाठी विनंती कर" म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. यांनी पास्कूभाऊंना बाजूला घेतलं. "मी उभा राहीन. पण ते शब्द म्हणणार नाही. चालेल?"

"खोटा बोललात तर नाय चालनार," पास्कूभाऊ म्हणाले. "उबे रावा."

हे उभे राहिले, ओठ मिटून, मान खाली घालून. चणे मात्र दोनदा घेतले.

परतीच्या बोटीत कृपा पप्पांना चिकटून बसली. खाडी काळी झाली होती. तिने विचारलं, "काय ठरवलंत?"

"त्याचं चुकतंय," हे म्हणाले. "मी त्याला तसं स्पष्ट सांगितलंय. तो म्हणतो, माझं चुकतंय."

कृपाने हात काढून घेतला.

"पण निघताना मला म्हणाला, तुझं नाव त्याने रोजच्या जपमाळेत घातलंय. तुमचं जमल्यापासून. मला भेटायच्याही आधी." हे तिच्याकडे वळले. "चुकीच्या दारावर का होईना, माझ्या मुलीसाठी रोज कोणी ठोठावत असेल, तर मी त्याचा हात अडवणार नाही. लग्न कर."