सावली दाबून बसणारी फुलाआत्या

आधीच सांगते — भूतबित, करणी, नजर असलं काही आमच्या घरात चालत नाही. आमच्या दारावर लिंबू-मिरची कधी लागली नाही आणि कोणी बुवा-महाराज उंबरा ओलांडून आत आला नाही. या सदरातले लोकांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. कोणाला विहिरीवर बाई दिसते, कोणाला बुलेटवर मागे कोणी बसल्यासारखं वाटतं... आता माझं वाचून तुम्ही हसा, फिटंफाट.

हे सगळं माझ्या आत्याबद्दल आहे. पंचफुला तिचं नाव, आम्ही फुलाआत्या म्हणायचो. तीही माझ्यासारखीच. म्हणायची, "मेलेलं माणूस वापस येत नसते व पोरी. येता आलं असतं तं जित्तेपणी कोण भांडलं असतं? सबन मरून मंगच भांडले असते."

हे वाक्य लक्षात ठेवा.

आम्ही भिलाईचे, कॅम्प-१ मधले. बाबा स्टील प्लांटमध्ये. आत्याच्या नवऱ्यानं तिला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडलं, तशी ती आमच्याकडे आली ती कायमची. भावाच्या घरी बसून खायचं तिच्या जिवावर यायचं. बाबांनी कोणाकडून तरी एक जुना कॅमेरा आणून दिला आणि आत्या दर रविवारी टाउनशिपच्या मोठ्या बागेत फोटो काढायला लागली. नाव लिहीत नाही, भिलाईवाल्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांनी एवढंच समजा, की तळं, बोटी, टॉय ट्रेन, पांढरा वाघ आणि हत्तीच्या आकाराची घसरगुंडी, हे सगळं एका ठिकाणी. रायपूर-राजनांदगावहून लोक डबे बांधून यायचे. आमच्यासाठी अख्ख्या जगात त्याहून मोठी मजेची जागा नव्हती.

त्या काळी बाईमाणूस गळ्यात कॅमेरा अडकवून फिरते म्हटल्यावर लोक आधी तिच्याकडेच बघत बसायचे, मग फोटो काढून घ्यायचे. तिनं काय काय टिपलं! इंजिनावर हात ठेवून उभे राहिलेले बेलबॉटमवाले. बोटीत बसलेली, एकमेकांकडे बघायला लाजणारी नवी जोडपी. बोरं खाऊन तोंड वाकडं करणारी, प्लांटच्या कामासाठी आलेल्यांतली एक रशियन मॅडम. आधी ब्लॅक अँड व्हाइट, मग कलर. ज्या पोराला तिनं घसरगुंडीवर टिपलं, त्याच्या पोरालाही पुढे तिथेच टिपलं.

एका गोष्टीत मात्र ती फार कडक होती. संध्याकाळी सूर्य पाठीमागे असला की काढणाऱ्याची सावली लांब होऊन फोटोत पडते. तिच्या एकाही फोटोत ती नसायची. उकिडवी बसायची, साडी आवळून, कोपरं अंगाशी घेऊन. म्हणायची, "आपली सावली आपणच दाबून बसा लागते, पोरी. फोटोत आपण दिसलो नाही पायजे."

रोल धुवायला ती सिविक सेंटरमधल्या एका स्टुडिओत द्यायची. मालक मोहनबाबू, दुर्गच्या जुन्या मराठी घरातला. (नाव बदललं आहे. का बदललं कोण जाणे, त्याची लाज राखायचा ठेका मी घेतलेला नाही.) आत्या काउंटरच्या आत कधी गेली नाही, तिला कोणी बोलावलंच नाही. प्रिंट मिळायचे, निगेटिव्ह मात्र तो ठेवून घ्यायचा. "राहू दे माझ्याकडे, फुला. तुमच्या कॅम्पात सीलन असते, खराब होतील." पुढे मोबाइल आले, तिचा धंदा बसला. तिनं निगेटिव्ह मागितले तर म्हणाला, "दीमक लागली, सगळे गेले." दीमक म्हणजे वाळवी.

आत्या रिकाम्या हातानं परत आली. नंतर एकदा मला म्हणाली, "एका रोलमंधी शेवटची फ्रेम उरली होती. कोण्यातरी पोरीनं माहा फोटो काढला होता, घसरगुंडीच्या हत्तीजवळ. तेवढा भेटला असता तं बरं झालं असतं."

आत्या गेली तेव्हा या वाक्याचा अर्थ कळला. पुण्यानुमोदनाला, वंदनेच्या वेळी समोर ठेवायला फोटो हवा होता आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता! लग्न, बारसं, सहल... सगळीकडे काढणारी तीच. मतदार कार्डावरचा मोठा करून आणला, तर नुसता काळा धब्बा. शेवटी टेबलावर तिचा कॅमेरा ठेवला आणि त्याला फुलं वाहिली. आलेले लोक कॅमेऱ्याला हात जोडत होते. मला त्या दिवशी रडू आलं नाही, राग आला.

त्यानंतर वर्षभरानं पेपरात बातमी — 'मोहनबाबूंच्या नजरेतून आपली बाग'. जुन्या फोटोंचं प्रदर्शन. सोबत छापलेला फोटो बोरं खाणाऱ्या रशियन मॅडमचा.

दीमक लागलेला!

मी लेकीला, ऋतुजाला, घेऊन गेले. भर दुपार होती, हॉलमध्ये पांढरे दिवे लखलखत होते. भिंतीभर आत्याचे फोटो, खिडकीएवढे मोठे केलेले. प्रत्येकाखाली कार्ड, कार्डावर त्याचं नाव. आत्याचा स्वतःचा फोटो कुठे दिसतो का म्हणून मी एकेक करत सगळे पाहिले. घसरगुंडीसमोर तर बराच वेळ उभी होते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तोवर त्या फोटोत वावगं काहीही नव्हतं.

मोहनबाबू खुर्चीवर बसून लोकांकडून कौतुक करून घेत होता. वय झालंय, पण आवाज खणखणीत. मी समोर गेले. म्हटलं, "मी फुलाची भाची. हे सबन फोटो तिचे हायेत. तिचा स्वतःचा एक होता, तेवढा द्या."

"कोण फुला?" त्यानं आठवल्यासारखं केलं. "अच्छा, ती... गुब्बारेवाली?"

फुगे विकणारी म्हणे! चार लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गुब्बारेवाली? तिच्या जिवावर हार घालून घेऊन राहिले तुमी, अन् ती गुब्बारेवाली?"

"प्रूफ काय आहे बाई? काढणारा काय फोटोत दिसतो?"

तेवढ्यात ऋतुजानं माझा हात ओढला. "मम्मी... वो देखो ना. ये पहले था क्या?"

घसरगुंडीच्या फोटोत, खालच्या कडेला, वाळूवर एक सावली पडली होती. अंबाडा, खांद्यावरून आलेला पदर आणि कॅमेरा डोळ्याला लावल्यावर दोन्हीकडे निघतात तशी कोपरं. शेजारच्या टॉय ट्रेनच्या फोटोत तीच. बोटीच्या फोटोत पाण्यावर. रशियन मॅडमच्या पायाशी. मी वळून वळून बघत होते... एकही फोटो सुटला नव्हता. ती दाबून बसलेली नव्हती. उभी होती, चांगली ताठ.

लोकांनाही दिसलं. कुजबुज सुरू झाली आणि मागून एक सरदारजी मोठ्यानं म्हणाले, "बाबूजी, आप साड़ी पहन के फोटो खींचते थे क्या?"

अख्खा हॉल हसला. मोहनबाबू उठून फोटोजवळ गेला, बोटानं सावली घासून बघायला लागला. निघेना. त्याचा चेहरा मी पोटभर पाहून घेतला. खोटं कशाला सांगू, असं समाधान मला माझ्या प्रमोशनलाही झालं नव्हतं.

प्रदर्शन दुसऱ्या दिवशी बंद. इथे संपलं असतं तर मीही म्हटलं असतं, की प्रिंटिंगची गडबड असेल, रागात माझंच आधी लक्ष गेलं नसेल.

मी बँकेत काउंटरवर असते. काही महिन्यांनी मोहनबाबू मुलासोबत, पंकजसोबत, तिथे आला. केवायसीसाठी फोटो पुन्हा काढायचा होता. मला ओळखून बाप मागे सरला, पण मुलानं आणून बसवलं. मी वेबकॅम लावला. वर ट्यूबलाइट, पाठीमागे खिडकी नाही, आमच्या दोघांमध्ये कोणी नाही. क्लिक केलं. स्क्रीनवर मोहनबाबूचे खांदे, शर्ट, खिशातला पेन सगळं स्वच्छ. तोंडावर मात्र सावली. अंबाडा आणि दोन कोपरं.

पुन्हा काढला. तेच.

पंकज हळूच म्हणाला, "आंटी, हर जगह यही हो रहा है. मोबाइल में भी. नातवासोबत एक फोटो धड नाही निघत पापांचा. पासपोर्ट भी अटका हुआ है."

मोहनबाबू टेबलाकडे बघत बसला होता. मी म्हटलं, "काढणारा फोटोत दिसत नसते ना, बाबूजी?"

पुढच्या रविवारी दोघं आमच्या घरी, कॅम्पात. एका खोक्यात सगळे निगेटिव्ह, सोबत घसरगुंडीचा तो मोठा प्रिंट. मी सगळ्यात आधी तो हत्तीजवळचा रोल शोधला. मिळाला. शेवटची फ्रेम कात्रीनं कापलेली.

"ही कुठं हाय?"

मोहनबाबू पहिल्यांदाच खाली मान घालून बोलला. "कामाची नव्हती... गिऱ्हाइकाची नव्हती ना. फेकून दिली."

बाकीच्या पट्ट्या ऋतुजानं उजेडासमोर धरल्या. निगेटिव्हमध्ये सावली पांढरी दिसते, एवढं मी आत्याकडून शिकले होते. तिथे पांढरं काही नव्हतं, एकाही पट्टीवर नाही. प्रिंटवर मात्र सावली होती, समोर, भिंतीला टेकवलेली.

पंकजनं हात जोडले. "एक बार बोल दो आंटी, माफ किया. तिले सांगा, पापाले सोडून दे म्हणून."

"तिले तुमीच सांगा," मी म्हटलं. "तुमची जुनी वळख हाय."

तो प्रिंट आम्ही फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. हार घातला. आलेगेले विचारतात, घसरगुंडीला हार कशाला? मी वाळूवर बोट ठेवते. आता तोच आमच्या आत्याचा फोटो.

आणि ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते आता. या उन्हाळ्यात मोहनबाबू सिविक सेंटरमध्ये दिसला. पंकजचा हात धरून चालत होता, फार थकलेला. मला पाहून थांबला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी पुढे निघून गेले, पण मनात आलं, की जाऊ दे आता, म्हातारा माणूस आहे. तोंडानं बोलले नाही. घरी कोणाला सांगितलंही नाही.

सकाळी हार बदलायला गेले तर सावली फिकी पडलेली. कोपरं दिसतच नव्हती. अंबाडा होता, तोही पाण्यानं पुसल्यासारखा. संध्याकाळपर्यंत आणखी पुसट झाली. ऋतुजाही घाबरली. म्हणाली, "मम्मी, फुलाआजी जाऊन राहिली का?"

मी त्या फोटोसमोर बसले आणि सगळं पुन्हा आठवलं. गुब्बारेवाली. दीमक. ती कापलेली फ्रेम. टेबलावरचा कॅमेरा आणि त्याला हात जोडणारे लोक. म्हटलं, "नाही आत्या, नाही केलं माफ. तू थांब."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्यासारखी ठळक होती, कोपरांसकट.

हे काय आहे मला माहीत नाही. ऋतुजाच्या कॉलेजातल्या सरांनी शाई, कागद, दमटपणा असं बरंच सांगितलं, मी ऐकून घेतलं. वेबकॅमचं विचारलं तर घड्याळ बघून उठले. काही जण म्हणतात, राग धरू नये, त्यानं आपलंच नुकसान होतं. असेल. परवा पंकजचा पुन्हा फोन आला होता, बापाची तब्येत बरी नाही म्हणून. मी उचलला नाही. त्याला माफ केलं तर त्याचा चेहरा परत येईल, मला कळतं. पण माझ्या आत्याचा आमच्याकडे तेवढा एकच फोटो आहे.