मडकीफोड बाई आणि कोरडी शेरी

तरुणपणी मी फार शहाणी होते. इतकी, की आज ती बाई मला एसटीत शेजारी भेटली तर मी उठून दुसरी जागा बघीन.

अमळनेरजवळच्या आमच्या गावात मी दारूबंदीवाल्या बायकांची म्होरकी होते. पदर खोचायचा, हातभट्टीची मडकी फोडायची, वर भाषण ठोकायचं. एकदा एका म्हातारीच्या घरातली काळपट बरणी मी उचलून अंगणात आपटली. म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अवं माय, तो जांभुयना सिरका शे! पोटदुखीले लागस!" जांभळाचा सिरका म्हणे, औषधाचा! मी हटते होय? "सुरुवात अशीच होते," असं तिलाच सुनावून मी टाळ्या घेतल्या. दारूची चव मला ठाऊक नव्हती. मत मात्र पक्कं होतं.

अशा बाईची नात स्पेनमध्ये दारू सांभाळते.

चार वर्षं मला कुणी हे सांगितलं नाही. पोरगी "द्राक्षांच्या कंपनीत" आहे, एवढंच. आता राहते त्या जळगावात शेजारीपाजारी मी ऐटीत "फळप्रक्रिया" म्हणून सांगत होते. मागच्या हिवाळ्यात ती आली आणि एका दुपारी, घरात आम्ही दोघीच असताना, पायमोज्यात गुंडाळलेली बाटली तिनं माझ्यापुढे ठेवली.

"ओरडायचं तर आत्ताच ओरड, आजी. मी हे काम करते. ही शेरी, द्राक्षांची दारू. आता तिथं कायमची नोकरी देतायत."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर जाईनच. पण दर वेळी या घरात तोंड चोरत येईन."

मडकी फोडताना मी चव कधी पाहिलीच नव्हती. "आधी चाखू तर दे," म्हणत मी स्वयंपाकघरातून वाटी आणली.

"वाटीत नाही गं! वास कसा कळेल?"

शेवटी सरबताचा लहानसा काचेचा पेला सापडला. तिनं दोन घोट ओतले. रंग कोऱ्या चहाचा. आधी नुसता वास घ्यायचा असा हुकूम झाला. घेतला. अक्रोड, वाळलेली संत्र्याची साल, आणि कितीतरी वर्षांनी उघडलेलं लाकडी कपाट.

मग घोट. द्राक्षाची म्हणजे गोड असणार, अशा समजुतीत मी होते. जीभ चरकलीच.

"साखर कुठाय?"

"नाहीच. ही कोरडी असते."

"खराब झाली असेल गं. गुळाचा खडा टाकू?"

"आजी! तीस वर्षांची आहे ती!"

"मग तर झालीच असणार."

तिनं डोकं धरलं. "गिळून जरा गप्प बस. घाई करू नकोस."

गप्प बसणं हा माझा प्रांत नव्हे, तरी बसले. आणि काय सांगू, घोट केव्हाच पोटात गेला, चव मात्र जागची हलेना. भाजलेल्या दाण्यांसारखी, किंचित खारट, घशात मंद ऊब. उठून डब्यातले भाजलेले शेंगदाणेच घेऊन आले. दाणा, घोट, दाणा. नात बघतच राहिली.

"एवढी जुनी करता कशी?"

तिनं जमिनीवर बोटानं पिंपांच्या रांगा काढल्या. सगळ्यांत जुनी दारू खालच्या रांगेत. तिथून थोडीशीच काढायची, तेवढी वरच्या रांगेतून भरायची, त्या रांगेत तिच्या वरच्यातून. पिंप कधीच रिकामं करायचं नाही.

"अगं, म्हणजे आपली लिंबाच्या लोणच्याची बरणी!"

माझ्या सासूबाईंची ती बरणी. दर वर्षी नवी लिंबं जुन्या खारातच पडतात, तळ कुणी पाहिलेला नाही. आजाऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून गल्लीभर तिचं काळं लोणचं जातं. पन्नास वर्षं मी त्या बरणीची फुशारकी मारतेय.

"हो आजी," ती हळूच म्हणाली. "तसंच."

तेवढ्यात शेजारची मारवाडी बाई पेपर मागायला आली. कपड्याच्या दुकानवाल्यांची, माझ्याच वयाची, कांदासुद्धा न खाणारी. "अक्का, औषध घेताय?"

"हो, खोकल्याचं," नात पटकन म्हणाली. सवयीचं खोटं, किती सफाईनं आलं ते. आणि त्याची शिकवणी माझ्याच घरात झालेली.

"खोकला होवो माझ्या वैऱ्याला," मी म्हणाले. "दारू आहे ही. आमची पोरगी तिकडे हिची पिंपं सांभाळते. फळप्रक्रिया वगैरे काही नाही. कायमची नोकरी लागलीय."

शेजारीण दारातच थिजली. नातीचे डोळे भरून आले. मग शेजारीण आत आली, नाकाला पदर लावून बसली, आणि थोड्या वेळानं पदर बोटभर खाली घेऊन तिनं विचारलं, "नुसता वास घेतलेला चालतो का गं, पोरी?"

"चालतो की, काकू. आधी वासच घ्यायचा असतो," नात नाक ओढत म्हणाली, आणि जमिनीवर पुन्हा पहिल्यापासून पिंपं काढायला बसली.