मामांची यादी आणि तिची स्वतंत्र लाइन

दौंडच्या रेल्वे कॉलनीजवळ आमच्या विहाराची लायब्ररी आहे. दोन महिने दर रविवारी शिरूरहून खेपा घालून, एकेक पुस्तक पुसत आणि शिंकत, मी तिची यादी कॉम्प्युटरवर आणली. ब्राउझरमध्ये उघडायची, पुस्तकाचं नाव टाकायचं, कपाट कळायचं. मी स्वतःवरच फिदा होतो.

लायब्ररी सांभाळणाऱ्या मामांची सगळी नोकरी सिग्नलच्या केबिनमध्ये गेलेली. एका लाइनीवर दोन गाड्या त्यांना स्वप्नातही चालत नसत. त्यामुळे दुसरा टॅब उघडला, की ते पहिला तातडीने बंद करत. पहिल्यात आमची यादी असे. मग ती शोधता शोधता ते भलत्याच गावच्या मंगल कार्यालयात पोचत.

"तुमची यादी सारखी पळती," ते म्हणाले. "पुढच्या रविवारपास्नं आपली वहीच बरी."

म्हणजे माझे दोन महिने पाण्यात.

"मामा, टॅब बंद नका ना करू."

"मग काय, टक्कर व्हायची वाट बघू व्हय?"

आयुष्यभराची शिस्त कशी मोडणार? मी यादीलाच स्वतंत्र लाइन द्यायचं ठरवलं. वेबवरच्या अ‍ॅपचा कॉम्प्युटरवर सुटा प्रोग्रॅम करता येतो, हे ऐकून होतो. केला कधी नव्हता. आठवडाभर माझ्या ताटाशेजारी लॅपटॉप होता. अखेर जमलं. टॅब नाहीत, पत्त्याची पट्टी नाही. स्क्रीनवर पुस्तकाचं चित्र, ते दाबलं की फक्त यादी. घरच्यांना रांगेत उभं करून दाखवलं. कुणी टाळ्या वाजवेना, म्हणून मीच वाजवल्या.

रविवारी मामांनी चित्र दाबलं. यादी आली. त्यांनी खिडकीच्या चारही कडा संशयाने न्याहाळल्या.

"हिला दुसरी लाइन कुठनं फुटती?"

"फुटतच नाही."

"आन् नेट गेलं तर?" म्हणेपर्यंत त्यांनी वायर उपटलीसुद्धा.

यादीची प्रत मी कॉम्प्युटरमध्येच ठेवली होती. तरी चेहरा पाडून उभा राहिलो. एवढी संधी कोण सोडतो?

"गेली बघा," मामा समाधानाने म्हणाले.

समोर एक नर्सबाई परीक्षेचं पुस्तक न्यायला थांबल्या होत्या. "मामा, नाव तरी टाकून बघा की."

मामांनी एका बोटाने नाव टाकलं. कपाट तीन, खालचा कप्पा. ते उठले, वाकले, पुस्तक घेऊन आले. बाईंच्या हातात दिलं आणि खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली.

"व्हा जरा बाजूला," ते मला म्हणाले, "लोकं खोळंबल्यात."

लोकं म्हणजे त्या एकट्याच होत्या, आणि त्यांचं काम झालं होतं. मी ऐटीत बाजूला झालो.