पेडल वर आलं नाही

गाडी नीट चालत असती तर आमच्याकडे सांगायला काही उरलंच नसतं. नीट चालणाऱ्या गाडीत माणसं मोबाईल बघतात. आमच्या गाडीत तिघंही माझ्या डाव्या पायाकडे बघायचो, आणि त्या एका आठवड्यात हे किस्से साठत गेले.

गाडी वडिलांची, जुनी. मी जळोचीहून निमगाव केतकीच्या ज्युनियर कॉलेजला जायचे, इंग्रजी शिकवायला. शेजारी फिजिक्सच्या गायकवाड मॅडम. अंथुर्ण्याला हेडक्लार्क आबा मागं बसायचे. मॅडम आठ वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. गुरुवारी अकराला इंदापूरच्या एका कॉलेजात त्यांची कायम जागेची मुलाखत होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच.

*

सोमवारी स्पीडब्रेकरवर क्लच दाबला, तर लोण्यात रुतावा तसा पाय खाली गेला. मी किंचाळले!

आबा मागून म्हणाले, "गाडी बरी हाय, मॅडम. तुमच्या वरडण्यानं मलाच काय व्हतंय का बघा."

*

मंगळवारी समजलं, पेडल चार वेळा भराभर मारलं की तात्पुरता जोर येतो आणि गिअर पडतो. मग आबा मागून मोजायला लागले. समोर उसाची ट्रॉली, आणि मागून, "तीन... चार... टाका आता."

त्या दिवशी ते कानाला फोन लावूनच मोजत होते. पलीकडे शेतावर त्यांच्या भावानं "टाका आता" ऐकलं आणि खताचं पोतं फोडून टाकलंसुद्धा!

*

बुधवारी क्लचच्या तेलाची डबी कोरडी पडली. आबांनी मोठ्या मायेनं घरून किटलीत तेल आणलं आणि स्वतःच्या हातानं ओतलं. दुपारपर्यंत पेडल आणखीच मेलं.

गॅरेजात मिस्त्रीनं टोपण उघडून वास घेतला. कुणी घातलं, म्हणाला.

"मीच," आबा म्हणाले. "ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचं हाय. एक नंबर तेल."

"ट्रॅक्टरला एक नंबर, आबा. हितं ब्रेक ऑइल लागतं. आतली रबरं फुगली सगळी."

क्लचची डबी वेगळी होती म्हणून ब्रेक तेवढे वाचले. नवं सामान शुक्रवारी येणार होतं. मिस्त्रीनं योग्य तेल भरलं, हवा काढली आणि बजावलं, गळत राहणार, लांब नेऊ नका. अंथुर्णे येईपर्यंत आबा रिकामी किटली मांडीवर धरून बसले.

*

म्हणून गुरुवारी ठरलं असं, की मॅडमनी निमगावपासून बसनं जायचं. बस भरून आली आणि न थांबता गेली. पुढची कधी, कुणालाच सांगता येईना. मॅडम फाईल छातीशी धरून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

आबांनीच गाडीचं दार उघडलं. "बसा. काय व्हायचं ते वाटंत हुईल."

इंदापूर समोर दिसायला लागलं आणि पेडल खाली गेलं, ते तिथंच राहिलं. गाडी सेकंडला. आता गिअर बदलायचा नाही आणि थांबायचंही नाही! आबा खिडकीतून अर्धे बाहेर निघून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडत वाट मागत होते. चौकात एका म्हशीनंसुद्धा दिली. कॉलेजच्या गेटातून आत घेतली, ब्रेक दाबला, गाडीनं दोन गचके खाल्ले आणि व्हरांड्यासमोर बंद पडली. अकराला चार मिनिटं कमी.

व्हरांड्यात मुलाखत घेणारे तिघं चहा पीत उभे होते. त्यांतले अध्यक्षसाहेब मॅडमच्या हातातली फाईल बघून हसत पुढं आले. म्हणाले, आलाच आहात तर इथूनच सुरू करू. अकरावीच्या मुलांना द्रवाचा दाब कसा शिकवाल?

मॅडमनी फाईल माझ्या हातात दिली. "सर, इकडे या."

त्यांनी मला उतरवलं, पेडल हातानं वर ओढलं आणि साहेबांना ते दाबायला सांगितलं. साहेबांनी वाकून दाबलं. पेडल वर आलं नाही.

"दाबलंत तुम्ही. मग दाब गेला कुठं?"

साहेबांनी कप बॉनेटवर ठेवला. गुडघ्यावर बसून गाडीखाली बघितलं, तिथला ओला डाग बोटानं चाचपला आणि उभे राहिले.

"तेल गळतंय. दाब पुढं पोचतच नाही."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "बसा."

आणि साहेब बसले. माझ्या सीटवर.