इझाबेल टीचरच्या जुड्या

"टीचर, हा कॉम्प्युटर माहिती भरायला आलाय. पोरांना खेळायला नाही."

"माहिती कसली भरायची सर? पोरं नापास झाल्याची?"

आमच्या होळी गावच्या शाळेत मी खिचडी रांधायची. डाळ धुता धुता हे भांडण ऐकलं. विद्याधर सर हेडमास्तर, आणि इझाबेल टीचर पाचवीच्या. शेवटी सर म्हणाले, "चाचणीत पोरांना दशांश आले तर राहू दे वर्गात. नाहीतर माझ्या ऑफिसात."

पण पोरं कसली ऐकतात! ०.४५ मोठं की ०.५? सगळी एका सुरात, "पंचेचाळीस!" पडद्यावर एक चौकोन, त्याच्या दहा पट्ट्या, एका पट्टीचे परत दहा तुकडे. पोरं ते बघायची आणि पुन्हा तेच ओरडायची.

एकदा मी ताटं घेऊन गेले, तर टीचर म्हणाल्या, "मावशी, तुम्ही सांगा."

"पंचेचाळीसच की! पाचाला कोण विचारतंय?"

पोरं खिदळली. टीचर हसल्या नाहीत. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, माझ्या हातात त्यांनी माऊस दिला. एका बाजूला पाच पट्ट्या ओढायला लावल्या, दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस तुकडे. दहा तुकडे जमले की आपोआप चिकटून पट्टी व्हायची. शेवटी उरल्या चार पट्ट्या आणि पाच तुकडे.

"अगो बाय, ही तर मेथी! इथं पाच जुड्या, तिथं चार जुड्या नि पाच सुट्या काड्या."

अश्लेषा उठली. तिच्या घरी रोज पहाटे जुड्या बांधतात. "मग पाच जुड्याच जास्त! पण मावशी, जुडीत दहाच काड्या? गिऱ्हाईक मारेल!"

त्या दिवसापासून टीचर पट्टीला जुडीच म्हणू लागल्या. चाचणीत चौतीसपैकी एकतीस पोरांना दशांश आले. सरांनी पेपर दोनदा तपासले. कॉम्प्युटर वर्गातच राहिला.

मलाही टीचरांनी फुकटात शिकवलं. आता नातवाचा ताप मीच बघते, थर्मामीटर घेऊन शेजारी धावत नाही. देव त्यांचं भलं करो.

यंदा टीचर रिटायर झाल्या. नेमका निरोपाच्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला. बिघडला की दर वेळी करायच्या तसा त्यांनी तो चादरीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेतला. गळ्यात हार तसाच.

"स्टेशनजवळ, दुरुस्तीवाल्याकडे," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. "आणि खड्डे चुकव रे बाबा."